चारशे ऐंशी जागा, चाळीस झाडे: वरुडकडच्या एका संत्रा बगीच्याचा अंदाज

आंबिया बहाराची (हिवाळ्याअखेर फुलणाऱ्या बहाराची) फळे झाडावर लिंबाएवढी दिसू लागली की वरुड-मोर्शीकडे बगीच्यांच्या सौद्याची बोलणी सुरू होतात. व्यापारी येतो, बांधावरून चक्कर मारतो, दोनचार झाडांखाली मान वर करून पाहतो आणि आकडा सांगतो. सौदा उक्ता, म्हणजे फळे न मोजता सगळ्या बगीच्याचा एकरकमी असेल तर त्या आकड्यावर वर्षभराच्या कष्टाची किंमत ठरते. फळगळ, गारपीट, पडलेला भाव यांचा हिशेब नंतरचा. पहिला प्रश्न एकच: झाडांवर फळ आहे किती?

इथे मांडलेले प्रकरण सातपुड्याच्या पायथ्याकडच्या एका बगीच्याचे आहे. मालक, व्यापारी आणि गाव यांची ओळख काढून टाकली आहे. गणित स्पष्ट दिसावे म्हणून आकडेही शिकवण्याच्या सोयीने जुळवून गोल केले आहेत. पेच मात्र या भागात कोणत्याही बगीच्यात भेटेल असाच आहे.

बगीचा साडेचार एकरांच्या आत. लागवड वीस बाय वीस फुटांवर, २० ओळी, प्रत्येक ओळीत २४ जागा, म्हणजे एकूण ४८० जागा. ओळींचे एक टोक विहिरीच्या बाजूला. तिकडची जमीन हलकी, निचऱ्याची. दुसरे टोक नाल्याकडे. तिकडे काळी, भारी माती, आणि पावसाळ्यात पाणी थांबते. पाणी थांबले की फायटोफ्थोरा बुरशीला फावते, खोडातून डिंक वाहू लागतो, झाड खंगते. शेतात शिरायची पांदण नाल्याच्या बाजूने आहे.

व्यापारी म्हणाला दोन लाख फळ. मालक म्हणाले, "पावणेचार लाखाच्या खाली काही नाही सर. मी काय आजचा बगीचा पाहून राहिलो?"

दोन लाख आणि पावणेचार लाख यांतला फरक एवढा मोठा होता की दोघांपैकी एक जण खोटे बोलतो असे कुणालाही वाटेल. मला तसे वाटले नाही आणि पुढच्या मोजणीने ते स्पष्टही झाले. व्यापारी पांदणीने आला, त्याने नाल्याकडची झाडे पाहिली. मालकांची बैठक विहिरीवर, मोटरीजवळ. त्यांच्या डोळ्यांसमोर रोज तिकडची लदलेली झाडे. दोघांनीही प्रामाणिकपणे पाहिले, पण सोयीच्या जागेवरून पाहिले. सोयीने निवडलेल्या नमुन्याचा हाच दोष असतो. पाहणाऱ्याची नजर कितीही तयार असली तरी तो दोष नजरेने भरून निघत नाही.

सगळी झाडे मोजणे शक्य नव्हते. मोठ्या झाडावर पाचसहाशे फळे असतात आणि पानांआडचे फळ शोधून मोजायला वेळ लागतो. चाळीस झाडे मोजणे दोन जोड्यांना झेपणारे होते. प्रश्न उरला तो चाळीस कोणती हा.

मालकांचा पुतण्या कृषी महाविद्यालयात शिकतो. पद्धतशीर नमुना निवड त्याने अभ्यासलेली होती. त्याने कागदावर मांडले: समष्टी, म्हणजे एकूण जागा, ४८०, नमुना ४०, म्हणून अंतराल, म्हणजे दोन निवडींमधले अंतर, १२. पहिल्या बारा झाडांतून चिठ्ठी टाकून एक निवडायचे, मग प्रत्येक बारावे झाड घेत जायचे. पुस्तकात आहे तसेच. पद्धत सोपी, गड्यालाही समजावून सांगता येते, नमुना सगळ्या बगीच्यात पसरतो, आणि प्रत्येक झाडाला निवडले जाण्याची संधी सारखी मिळते. हे सगळे खरे आहे. तरीही या बगीच्यासाठी बारा हा अंतराल घातक होता. त्याचे कारण कागदावर दिसत नव्हते, ओळीत उभे राहिल्यावर दिसत होते.

ओळीत २४ जागा आहेत आणि २४ ला १२ ने भाग जातो. ओळीमागून ओळ क्रमांक टाकत गेले आणि चिठ्ठीत १ आला, तर पहिल्या ओळीतले पहिले आणि तेरावे झाड येते. दुसऱ्या ओळीतही पहिले आणि तेरावे. विसाव्या ओळीपर्यंत तेच. सगळा नमुना दोन उभ्या पट्ट्यांत अडकतो. चिठ्ठीत १२ आला तर बारावे आणि चोविसावे, म्हणजे अर्धा नमुना थेट नाल्याच्या काठावर.

याचा परिणाम किती मोठा होतो ते पाहण्यासाठी विहिरीकडून नाल्याकडे जाताना प्रत्येक झाडामागे २० फळे कमी होतात असे धरू. पहिल्या जागी ८३०, चोविसाव्या जागी ३७०, सरासरी ६००, एकूण २,८८,०००. आता सुरुवात १ आली तर नमुन्याची सरासरी ७१० निघते आणि बगीचा ३,४०,८०० फळांचा ठरतो. सुरुवात १२ आली तर सरासरी ४९० आणि बगीचा २,३५,२००. एकच बगीचा, एकच पद्धत, एकाच दिवशीची मोजणी, आणि एका चिठ्ठीच्या फरकाने लाखावर फळांचा फरक. बाराही सुरुवातींची सरासरी काढली तर बरोबर ६०० येते, त्यामुळे पद्धत निःपक्षपाती आहे असे म्हणता येईल. पण मालकाच्या हातात बारा नमुने नसतात, एकच असतो.

निव्वळ या उताराचा विचार केला तर बारा सुरुवातींच्या सरासऱ्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे त्या ६०० भोवती किती विखुरल्या आहेत याचे माप, जवळपास ६९ फळे येते. त्याऐवजी ४८० चिठ्ठ्यांतून सरळ ४० उचलल्या असत्या तर प्रमाण त्रुटी, म्हणजे अंदाज खऱ्या सरासरीपासून साधारण किती हुकतो ते माप, सुमारे २१ आली असती. म्हणजे इथे पद्धतशीर निवड साध्या यादृच्छिक निवडीपेक्षा तिपटीहून वाईट ठरते. संख्याशास्त्रज्ञ विल्यम मॅडो आणि लिलियन मॅडो यांनी १९४४ साली या पद्धतीचा सिद्धांत मांडला तेव्हाच ही गोष्ट सूत्रात आली: एकाच नमुन्यात येणारे घटक एकमेकांसारखे असतील तर पद्धतशीर नमुना बिघडतो, एकमेकांपासून वेगळे असतील तर सुधारतो. एका नमुन्याच्या पोटात बगीच्याची सगळी विविधता यायला हवी. बाराच्या अंतरालाने नेमके उलटे होत होते.

पुतण्याने लगेच दुसरा मार्ग सुचवला आणि तो चांगला होता. क्रमांक नागमोडी टाकायचे: पहिली ओळ विहिरीकडून नाल्याकडे, दुसरी नाल्याकडून विहिरीकडे. चालायलाही ते सोयीचे, ओळ संपली की परत फिरावे लागत नाही. अंतराल बाराच ठेवला आणि सुरुवात ६ आली तर एका ओळीत सहावे व अठरावे झाड येते, पुढच्या ओळीत विहिरीकडून मोजल्यास सातवे व एकोणिसावे. या चार जागांची सरासरी साडेबारा, म्हणजे ओळीचा बरोबर मध्य. कोणतीही सुरुवात घ्या, सरासरी साडेबाराच येते. सरळ उतार असेल तर तो पूर्णपणे कटून जातो. इतक्या छोट्या बदलाने एवढे साधते हे मला नेहमीच विलक्षण वाटते आणि शेतात पद्धतशीर नमुना घेणाऱ्या प्रत्येकाने ते करून पाहावे.

पण उतार सरळ नसेल तर? कडेच्या झाडांचे वागणे वेगळे असते. विहिरीकडच्या टोकाला ऊन मोकळे, नाल्याच्या टोकाला धुऱ्याखालून पाझर. नागमोडी क्रमांकात सुरुवात १ किंवा १२ आली तर चाळीसपैकी वीस झाडे ओळींच्या टोकाची येतात, जेव्हा बगीच्यात अशी झाडे बारात एकच आहेत. उरलेल्या दहा सुरुवातींत टोकाचे एकही झाड येत नाही. म्हणजे कडेची झाडे एकतर डोईजड होतात किंवा गायब होतात.

यावर उपाय अंतराल बदलण्याचा. ओळीच्या लांबीला भाग जाणार नाही असा अंतराल घ्या, असे सांगितले जाते. ते अर्धेच पुरेसे आहे. आम्ही चाळीस झाडांचा एक नमुना न घेता दहादहा झाडांचे चार छोटे नमुने घ्यायचे ठरवले होते (का, ते पुढे येईल), म्हणून अंतराल ४८ च्या आसपास हवा होता. अठ्ठेचाळीस बाद, कारण तो दोन ओळींइतकाच. सत्तेचाळीस ही मूळ संख्या, तिचा ४८० शी काही सामायिक विभाजक नाही. पण ४७ म्हणजे दोन ओळी पुढे आणि एक झाड मागे. दहा पावलांत नमुना शेजारशेजारच्या दहाच पट्ट्यांतून तिरका सरकतो. सुरुवात नाल्याच्या काठची आली तर विहीर त्याच्या वाट्याला येतच नाही. त्रेचाळीस घेतला तर दोन ओळी पुढे आणि पाच झाडे मागे. सुरुवात १९ असेल तर ओळीतल्या जागा येतात १९, १४, ९, ४, २३, १८, १३, ८, ३, २२. विहीर, मध्य, नाला, तिन्हीकडे फेरी होते. आम्ही ४३ घेतला आणि क्रमांक साधेच टाकले, सगळ्या ओळी एकाच दिशेने.

त्रेचाळिसाने ४८० ला पूर्ण भाग जात नाही. त्याची काळजी करण्याचे कारण नाही, कारण क्रमांकांचे वर्तुळ करता येते: ४८० नंतर पुन्हा १. सुरुवात १ ते ४८० पैकी कोणतीही. अशाने प्रत्येक जागेला निवडीची संधी तंतोतंत सारखी राहते. ही वर्तुळाकार पद्धत संख्याशास्त्रज्ञ डी. बी. लाहिरी यांची आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कामात ती रुजली. समष्टीला अंतरालाने नेमका भाग जात नाही हा अडथळा खऱ्या यादीत जवळपास नेहमीच येतो, मग ती झाडांची असो, घरांची असो की रेशन कार्डांची.

शून्य ते नऊ अशा दहा चिठ्ठ्या केल्या, उचललेली चिठ्ठी दरवेळी परत टाकून तीनदा उचलली, तीन अंकी संख्या झाली. ००१ ते ४८० मधली असेल तर घेतली, नाहीतर सोडली. चार सुरुवाती मिळाल्या: १९, १३४, २५१, ४०२. दुपारपर्यंत चाळीस झाडांना सुतळी बांधून झाली.

इथे खरी कसोटी लागली.

क्रमांक २९४ वर झाड होते, पण वाळत आलेले. क्रमांक ४४५ वर झाडच नव्हते, नांगा होता. क्रमांक ७२ वर दोन वर्षांपूर्वी नांगे भरताना लावलेले रोप, फळ नाही. मालक म्हणाले, "त्याले काय मोजता सर? त्याच्या बाजूचं घ्या ना, चांगलं आहे ते." यात कोणताही डाव नव्हता. शेतकऱ्याला फळ मोजायचे आहे आणि फळ नसलेल्या जागेवर उभे राहणे त्याला वेळेचा अपव्यय वाटतो. पण मला हाच मुद्दा संपूर्ण मोजणीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपण सरासरीला ४८० ने गुणणार आहोत आणि त्या ४८० मध्ये नांगे, रोपे, वाळकी झाडे सगळी धरलेली आहेत. नांग्याच्या जागी शेजारचे लदलेले झाड घेतले तर नांगा नमुन्यातून नाहीसा होतो पण गुणाकारात राहतो. अंदाज फुगतो आणि किती फुगला ते कधीच कळत नाही. म्हणून नियम एकच ठेवला: जागा आली ती आली. झाड नसेल तर शून्य लिहायचे. मालकांना हे पटवायला पीक कापणी प्रयोगाचा दाखला कामी आला. विम्यासाठी गावात होणाऱ्या त्या प्रयोगात कापणीचा तुकडा कुठे पडायचा हे ठरलेल्या रीतीने निघते, चांगले पीक पाहून नाही, हे त्यांनी पाहिलेले होते. त्या प्रयोगांना यादृच्छिक नमुन्याची शिस्त लावणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव अग्रभागी आहे.

झाडावरचे फळ मोजण्याची रीत अशी. दोरीने घेराचे दोन भाग करायचे, जोडीतल्या एकाने एक भाग मोजायचा, दुसऱ्याने दुसरा. मग बाजू बदलून पुन्हा. दोन बेरजांत फरक जास्त आला तर तिसऱ्यांदा. आतल्या फांद्यांवरचे फळ सुटते, त्यासाठी खोडाजवळ उभे राहून बाहेरच्या दिशेने पाहत मोजणे बरे पडते. झाडे फारच मोठी असतील तर पूर्ण झाड न मोजता फांद्यांचाही नमुना घेता येतो. खोडापासून प्रत्येक फाट्यावर चिठ्ठीने एकेक फांदी निवडत टोकाकडे जायचे ही युक्ती रेमंड जेसन यांनी १९५५ मध्ये फळझाडांसाठीच मांडली. आमच्याकडे ती वापरली नाही, कारण एका झाडावरचा अंदाज त्याने बराच डळमळतो आणि चाळीस झाडे पूर्ण मोजणे आवाक्यात होते.

चार गटांच्या सरासऱ्या अशा आल्या: ५८८, ६३४, ५७१, ६१५. चारींची सरासरी ६०२. गुणिले ४८०, म्हणजे २,८८,९६०. दोन लाख ऐंशी-नव्वद हजार फळ.

आता चार गट का, ते सांगतो. एकाच सुरुवातीचा पद्धतशीर नमुना अंदाज देतो, पण तो अंदाज किती डळमळीत आहे हे सांगत नाही. चाळीस झाडांतल्या फरकावरून नेहमीचे सूत्र लावून त्रुटी काढतात खरी, पण ते सूत्र साध्या यादृच्छिक नमुन्याचे आहे. इथे ते लावणे म्हणजे बगीच्यात कोणताही क्रम, कोणताही उतार नाही असे गृहीत धरणे, आणि आपल्याला तर उतार असल्याची शंका होती. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या ताग पाहणीत जी वाट काढली तीच इथे उपयोगी पडते: एकाच समष्टीतून अनेक स्वतंत्र उपनमुने घ्यायचे आणि त्यांच्या आपसातल्या फरकावरून त्रुटी काढायची. चार स्वतंत्र चिठ्ठ्या, चार स्वतंत्र अंदाज. त्यांचे आपसात जितके जमेल तितका भरवसा.

सरासरीपासून चार गटांची अंतरे -१४, ३२, -३१, १३. वर्गांची बेरीज २,३५०. तिला १२ ने, म्हणजे चार गुणिले तीनने भागले की १९५.८, त्याचे वर्गमूळ १४. ही एका झाडामागची प्रमाण त्रुटी. चारच गट असल्यामुळे ९५ टक्के विश्वासासाठी टी सारणीतला (थोड्या आकड्यांवरून मर्यादा काढण्यासाठीच्या सारणीतला) ३.१८ हा गुणक घ्यावा लागतो, नेहमीचा दोन चालत नाही. हिशेब करून मर्यादा येतात सुमारे २,६७,६०० ते ३,१०,३००.

ही रुंदी पाहून पुतण्या हिरमुसला. एवढे मोजून चाळीस हजारांचे अंतर? पण व्यापाऱ्याचे दोन लाख या मर्यादेच्या कितीतरी खाली होते आणि मालकांचे पावणेचार लाख कितीतरी वर. ज्या प्रश्नासाठी मोजणी केली त्याचे उत्तर मिळाले होते. जास्त नेमके हवे असते तर दहा झाडांचे चार गट न करता पाच झाडांचे आठ गट केले असते. तेवढ्याच कष्टात टी सारणीचा गुणक २.३६ वर आला असता. आज मी तसेच सुचवेन.

चाळीस झाडांचे आकडे बगीच्याच्या नकाशावर टाकल्यावर बाकीचा उलगडा झाला. विहिरीकडच्या आठ पट्ट्यांतली झाडे सरासरी ७६०, मधल्या आठांतली ६२०, नाल्याकडच्या आठांतली ४५१. मालक आणि व्यापारी या दोन टोकांना उभे राहून बोलत होते. नमुन्यातली १५ झाडे नाल्याकडची आली होती, विहिरीकडची १३, मधली १२. तिन्ही पट्ट्यांना सारखे वजन देऊन पुन्हा काढले तर सरासरी ६१० च्या आसपास जाते, म्हणजे आधीचा अंदाज किंचित कमीच. फरक मर्यादेच्या आतला आहे, पण नकाशा हातात असेल तर हे वजन जरूर द्यावे.

मालकांनी व्यापाऱ्यासमोर कागद ठेवला. त्याने लगेच मान्य केले नाही. त्याने कागदातले एक झाड स्वतः निवडले आणि तिथल्या तिथे मोजायला सांगितले. आकडा जवळपास जुळला. मग तो वेगळ्या मुद्द्यावर आला आणि तो मुद्दा रास्त होता: आज झाडावर आहे ते तोड्यापर्यंत राहील कशावरून? सप्टेंबरचा पाऊस, तपकिरी कूज, रस शोषणारा पतंग, फळमाशी. गळ किती होईल याचा धोका कोणी घ्यायचा? यावर ठरले असे की इसार आता द्यायचा, आणि ऑक्टोबरच्या मध्याला त्याच सुतळी बांधलेल्या झाडांची दुसरी मोजणी करून त्यावरून रक्कम पक्की करायची.

त्याच झाडांची, हा शब्द कागदावर मुद्दाम लिहून घेतला. व्यापाऱ्याचा माणूस म्हणत होता की या वेळी नवी झाडे काढू, म्हणजे कोणी त्या चाळीस झाडांवर जास्त फवारणी केली असा संशय नको. संशय वाजवी होता, म्हणून मधल्या काळात सगळ्या बगीच्याला एकच फवारणी आणि तीही दोघांच्या समक्ष, हे ठरले. झाडे मात्र तीच ठेवली. ऑक्टोबरमध्ये गटांच्या सरासऱ्या ५३१, ५६६, ५२२ आणि ५४९ आल्या. सरासरी ५४२. गळ झाडामागे ६०, एकूण २८,८००. गटागटांची गळ ५७, ६८, ४९, ६६. तिच्यावरून एकूण गळीची प्रमाण त्रुटी फक्त २,१०० फळांची निघते. दुसऱ्या वेळी नवी झाडे घेतली असती तर झाडाझाडांमधला मूळ फरक दोन्ही मोजण्यांत शिरला असता आणि तीच त्रुटी आठ हजारांच्या वर गेली असती, म्हणजे जवळपास चौपट. एकूण फळाचा अंदाज करताना नमुना बगीच्यात पसरलेला हवा. बदल मोजताना तोच नमुना हवा.

सौदा २,६०,००० फळ धरून झाला. दोन मोजण्यांतून निघालेला आकडा २,६०,१६० होता, वरचे एकशे साठ मालकांनी स्वतःहून सोडले. सुतळ्या त्यांनी तोड्याच्या वेळीही काढू दिल्या नाहीत. पुढच्या बहाराला नाल्याकडच्या आठ पट्ट्यांत निचऱ्याचे चर खोदायचे आहेत आणि त्यांचा फरक किती पडतो ते त्याच झाडांवर पाहायचे, असे त्यांनी आणि पुतण्याने ठरवले आहे.